दार लावून द्या

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. वहिनी म्हणते, भाऊजींच्या नाकावर राग नाही, रागावरच कुठेतरी नाक आहे. तिचं खरं आहे. ही जी गोष्ट सांगतोय त्यात मी बऱ्याच जणांवर रागावलो, आणि ज्याच्यावर रागवायला हवं होतं त्याला तेवढं सोडलं.

मी सुतार आहे, पण खुर्च्या-टेबलं करणारा नव्हे. वादळ झालं, आग लागली, चोरांनी दार फोडलं की लोक मला बोलावतात. फुटलेल्या खिडकीवर, तुटलेल्या दारावर मी प्लायवूड मारतो आणि घर तात्पुरतं बंद करून देतो. खरी काच, खरं दार नंतर कुणीतरी निवांत बसवतं. आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांत मला फळीवाला म्हणतात. माझं खरं नाव मतदार यादीत असेल तेवढंच.

दादा गेल्यापासून टेम्पो वहिनी चालवते, फोन वहिनी घेते आणि प्लायचं दुसरं टोकही वहिनीच धरते. काम कसं करायचं हे मला दादाने शिकवलं. फळी चौकटीच्या बाहेर चार बोटं गेली पाहिजे. दर वितेला एक स्क्रू. कडेला बोट शिरेल एवढी फट ठेवायची नाही, कारण आज बोट शिरलं तर उद्या पहार शिरते. आणि घरात कुणी नसेल तर एकही वाट उघडी सोडायची नाही. ह्या कामाचा मला गर्व होता. ‘मुंगी शिरणार नाही’ असं मी प्रत्येकाला सांगायचो.

त्या संध्याकाळी वारा सुटला तो जेमतेम तासभर. पण त्या तासात पत्रे उडाले, खांब वाकले, आणि वहिनीच्या फोनला अंधार पडेपर्यंत उसंत मिळाली नाही. आम्ही टेम्पोतच होतो. ती फोन स्पीकरवर टाकायची, मी ऐकायचो, ती वहीत लिहायची. एकतिसावा का बत्तिसावा फोन टेलरकाकांचा होता.

टेलरकाकांचं घर गावाच्या कडेला, अगदी शेताला लागून. मागच्या पडवीत त्यांचं शिलाई मशीन. शेजारी स्टुलावर बसून काकू काज-बटण करायच्या. आमच्या घरातल्या लग्नांचे सदरे त्यांच्याच हातचे. काकूंना आताशा आठवत नाही, एकदोनदा घरातून निघून गेल्या होत्या, एवढं माझ्या कानावर होतं. कानावर असणं आणि ध्यानात असणं ह्यात फरक असतो.

“मागचं दार उडून गेलं हो,” काका म्हणाले. “बिजागऱ्यांसकट. तेवढं दार लावून द्या. बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण उद्या सकाळी येऊन दार लावून द्या.”

“लावून देतो,” मी म्हणालो. “काळजी करू नका.”

वहिनीने लिहिलं: टेलर. मागचं दार लावणे. तातडीचं.

सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही तिथे पोचलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळे मदतीच्या रांगेत गेले असणार असं मी धरून चाललो, आणि मनात दोनचार शिव्याही दिल्या, कारण फुकटची ताडपत्री मिळणार म्हटलं की लोक घरदार वाऱ्यावर सोडतात. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मागे गेलो तर दाराच्या जागी नुसती चौकट. उंबरठ्यावर एक खुर्ची आडवी लावलेली, तिच्यावर चुरगळलेली चादर. आत मशीनवर अर्धवट शिवलेला सदरा.

मी तीन हाका मारल्या. हाही दादाचा नियम. मग आत जाऊन दोन्ही खोल्या बघितल्या. ओट्यावर दोन कप, दोन्ही भरलेले, चहावर साय धरलेली. काकांना फोन लावला तर त्या सदऱ्याच्या खालीच वाजायला लागला.

“थोडं थांबू या का?” वहिनी म्हणाली. “माणसं कुठे गेली ते विचारू तरी कुणाला.”

“कुणाला विचारणार? भिंतीला?”

“भरलेला चहा टाकून कोण जातं, भाऊजी?”

“ज्याला रांगेत नंबर लावायचा असतो तो जातो. पुढच्या गावात बाळंतीण आहे, तिच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघड्या पडल्यात. इथे वाट बघत बसलो तर तिच्याकडे दुपार होईल.”

वहिनी टेम्पोतला प्लाय काढायला गेली. बाळंतिणीचं नाव काढल्यावर कोण काय बोलणार. आणि ते खरंच होतं, मी काही खोटं सांगून तिला गप्प केलं नव्हतं.

मी खुर्ची उचलून आत ठेवली. आठ बाय चारची फळी मापाने कापली आणि चौकटीवर बाहेरून बसवली. दर वितेला एक, असे चोवीस स्क्रू. मागच्या दोन्ही खिडक्यांच्या काचा गेल्या होत्या, काका म्हणाले नव्हते तरी त्याही मारल्या, कारण घर रिकामं होतं. काम झाल्यावर मी चारही कडांवरून बोट फिरवून बघितलं. कुठेही अडलं नाही. काका आले की पुढचं कुलूप काढून आत जातील, असा माझा हिशेब. चाळीस मिनिटांत आम्ही बाळंतिणीच्या वाटेला लागलो.

दुपारी दोनच्या पुढे, तिसऱ्या घरी काम चालू असताना, दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून टेलरकाका आले. गुडघ्यांपर्यंत चिखल, एका पायात चप्पल. मला वाटलं, एवढ्या लांब आभार मानायला कशाला आले.

“दार लावलं का?” त्यांनी उतरता उतरता विचारलं.

“लावलं. मुंगी शिरणार नाही.”

“बरं झालं. फार बरं झालं.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “कडी कुठली घातली? जुनीच मिळाली का? नवी असेल तर बाहेरून सहज निघते ना? तिला कुलूप नाही उघडता येत आता, पण कडी येते. हाताला सवय आहे.”

“कुणाला?”

“हिला. पहाटेपासून नाही ती. मी रात्रभर दारात खुर्ची टाकून बसलो होतो हो. चहा करायला उठलो, दोन कप भरले आणि वळून बघतो तर खुर्ची सरकवून गेलेली. अख्खी आळी शोधतेय. पण ती येते. मागे दोनदा गेली तेव्हा आपली आपण आली, शेताकडून, मागच्या दाराने. म्हणून तर म्हटलं, दार लागलेलं असलं म्हणजे आत येईल आणि आतच राहील.”

आपल्या भाषेत दार लावणे म्हणजे काय, सांगा. उघडं दार बंद केलं तरी दार लावलं, आणि चौकटीला नवं दार बसवलं तरी दार लावलं. अख्खं आयुष्य हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरला आणि कधी कुठे अडखळलो नाही. ह्याला ध चा मा सुद्धा म्हणता येत नाही, कारण एक अक्षर बदललं नव्हतं. काकांनी दार लावायला सांगितलं, मी लावून देतो म्हणालो, वहिनीने दार लावणे लिहिलं. फक्त शिंप्याच्या मनात बिजागरी होती आणि फळीवाल्याच्या मनात फळी.

“काका,” मी म्हणालो, “मी दार बसवलं नाही. बंद केलं. फळी मारली.”

त्यांना लगेच कळलं नाही. ते माझ्याकडे, मग वहिनीकडे बघत राहिले.

“मग ती आत कशी येईल?” त्यांनी विचारलं.

रागावून विचारलं असतं तर मी सहन केलं असतं. रागाची मला सवय आहे. त्यांनी खरोखरचं विचारलं, की बाबा, तू सुतार आहेस, तुला माहीत असेल, आता ती आत कशी येईल.

काकांना मध्ये बसवून वहिनीने टेम्पो असा हाकला की मागचा प्लाय वाटेत पडला आणि तो उचलायलाही आम्ही थांबलो नाही.

काकू येऊन गेल्या होत्या.

फळी नवी होती, फिक्या रंगाची, त्यामुळे चिखल स्वच्छ दिसत होता. आधी मधोमध, कडी जिथे असायची तिथे, हाताचे पंजे. एकावर एक इतके, की बोटं वेगळी दिसत नव्हती. मग डावीकडे, मग उजवीकडे. मग कडेने बोटांच्या रेघा, खालपासून वरपर्यंत आणि चारही बाजूंनी, मी जिथून माझं बोट फिरवलं होतं अगदी तिथूनच. त्यांनाही कुठे फट मिळाली नव्हती. खालच्या एका स्क्रूच्या डोक्यावर रक्त सुकलं होतं, आणि त्याच्या खाचेत नखाचा तुकडा अडकला होता. चिखलात त्यांची पावलं दारापाशी येताना दिसत होती, फळीसमोर सगळीकडे दिसत होती, आणि मग शेताकडे गेलेली दिसत होती. पुढे शेतात नुसतं पाणी होतं.

मी ड्रिलचं मशीन काढलं आणि स्क्रू सोडवायला लागलो. घाईत बिट खाचेत बसेना. चौथ्या स्क्रूनंतर मी पहार घातली आणि ती फळी चौकटीच्या ढलप्यांसकट उचकटली. माझ्या आयुष्यात मी कधी एवढं घाणेरडं काम केलं नाही.

काकांनी ती फळी उचलून भिंतीला उभी केली आणि तिच्यासमोर बसले. पंज्यावर आपला पंजा ठेवून पाहिला.

“आली होती तर,” ते म्हणाले.

“म्हणजे घर आठवत होतं तिला. काल संध्याकाळी मला म्हणाली होती, तुम्ही कोण, इथे कशाला बसलात. मी म्हटलं, संपलं आता. पण नाही. घर आठवत होतं. आली होती.”

ते रडत होते आणि त्यातच खूशही होते, आणि ते बघवत नव्हतं. माझं काय झालं ते मी सांगतो. मला त्यांच्या त्या खुशीचा आधार वाटला. चला, आपल्या हातून एवढं तरी झालं, की आपल्या फळीमुळे म्हाताऱ्याला कळलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ती काडी मी दोन आठवडे सोडली नाही.

काकू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडल्या, तीन शेतं पलीकडे, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या. अंगात ताप, ओठ निळे पडलेले, पण जिवंत. त्यांना दवाखान्यात नेलं. दोन आठवडे काका तिथेच बाकावर झोपले. वहिनी रोज डबा पोचवायची. मी एकदाच गेलो. काकूंच्या उजव्या हाताच्या चार बोटांना पट्ट्या होत्या. मला बघून त्या हसल्या, जसं कुणालाही बघून हसतात. मी बाहेर जाऊन वॉचमनशी पार्किंगवरून भांडलो.

त्या दोन आठवड्यांत मी बाकी सगळी कामं सोडून त्यांचं दार शोधलं. दोनशे पावलांवर शेतात पालथं पडलं होतं. एक फळी चिरलेली, बिजागऱ्या वाकलेल्या. नवं दार करणं सोपं होतं, पण मला तेच हवं होतं. चीर बुजवली, बिजागऱ्या सरळ केल्या, हिरवा रंग तीन दुकानं पालथी घालून तस्साच मिळवला. कडी जुनीच घासून तेल घालून बसवली, आतबाहेर दोन्हीकडून निघेल अशी. वहिनीने ती दहा वेळा उघडून-लावून बघितली.

“आता लागतं आणि उघडतं,” ती म्हणाली. त्या दिवसापासून ती वहीत ‘लावणे’ लिहीत नाही. ‘बसवणे’ नाहीतर ‘बंद करणे’ लिहिते, आणि फोनवरच्या माणसाला दोनदा विचारते. लोक वैतागतात. वैतागू देत.

काकूंना घरी आणायच्या दिवशी आम्ही टेम्पो धुतला. काका मध्ये, काकू खिडकीशी. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन छान पडलं होतं. मी आधीच जाऊन मागचं दार सताड उघडून, खाली दगड लावून ठेवलं होतं. उतरल्यावर काकांनी त्यांचा हात धरला, पण वाट दाखवायची गरज पडली नाही. काकू आपल्या आपण घराला वळसा घालून मागे निघाल्या. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. जणू म्हणत होते, बघ, म्हटलं नव्हतं का, आठवतं तिला.

दारापासून दोन हातांवर त्या थांबल्या.

“चल ना आत,” काका म्हणाले. “दार उघडंच आहे.”

काकू हलल्या नाहीत. समोर मशीन दिसत होतं, स्टूल दिसत होतं. त्यांनी पट्ट्यांचा हात पुढे केला आणि दाराच्या मोकळ्या जागेत, छातीच्या उंचीवर, हवेत पालथा ठेवला. थोडं थांबून तो बाजूला सरकवला. काल-परवाची माणसं पुसून गेली होती, चाळीस वर्षं संसार केलेला नवरा पुसून गेला होता, आणि माझी फळी तेवढी जशीच्या तशी राहिली होती.

मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या खिशात मोजपट्टी होती, कानावर पेन्सिल होती.

“तुम्ही सुतार का हो, भाऊ?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो, काकू.”

“बरं झालं भेटलात. आमच्या दाराला कुणीतरी फळी ठोकलीय. मी किती ओढली, निघत नाही. आमचे हे आत आहेत. हाका मारल्या तर ओ देत नाहीत. ते एकटे जेवत नाहीत हो, मी वाढलं नाही तर तसेच बसून राहतात. तेवढी फळी काढून द्या.”

काका त्यांचा हात धरून शेजारीच उभे होते.

दोन आठवडे मी आणि काका समजत होतो की काकूंना आत यायचं होतं. त्यांना आत यायचं नव्हतंच. नवरा आत कोंडला गेलाय असं समजून त्या त्याला बाहेर काढत होत्या, म्हणून स्क्रूच्या खाचेत नख. आणि तो निघाला नाही म्हणून कुणाला तरी बोलवायला त्या शेतात गेल्या. मी काकांकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

“काढतो, काकू,” मी म्हणालो.

टेम्पोतून मशीन आणलं. उघड्या दारासमोर उभा राहिलो आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. चौकटीपासून चार बोटं बाहेर, दर वितेला एक. मशीन उलटं फिरवायचं, थांबायचं, स्क्रू काढून वहिनीच्या ओंजळीत टाकायचा. वहिनी ओंजळ धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण एकदाही तिने हात मागे घेतला नाही. काकू बारीक लक्ष ठेवून होत्या. एक मी मधला गाळला तर त्यांनी बोट दाखवलं. “तो राहिला.”

अर्धे झाले असतील तेव्हा काकांनी त्यांचा हात अलगद सोडला. काकांच्या मनात काय आहे ते मला कळलं. घराला वळसा घालून ते पुढे गेले, कुलूप काढल्याचा आवाज आला. आत मोरीत पाणी वाजलं. चोविसावा स्क्रू काढून मी आणि वहिनीने दोन्ही टोकांनी ती फळी उचलली, बाजूला नेली आणि भिंतीला टेकवली.

काका आतून दारात आले. तोंड धुतलं होतं, केसांना पाणी लावून भांग पाडला होता, धुतलेला सदरा घातला होता, त्यांनीच शिवलेला, आणि त्याची काजं-बटणं काकूंची.

“अगं, आलो बघ,” ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि ओळख नसलेल्या माणसाला वाट द्यावी तशा त्या बाजूला सरकल्या. मग त्यांच्या खांद्यावरून वाकून त्या आत बघायला लागल्या.

“येतील हं आता,” त्या मला म्हणाल्या. “त्यांना चपला लवकर सापडत नाहीत.”